अर्धवट राहिलेला आरसा आणि नववीतली लेक

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारे ४८ वर्षांचे एक वाचक लिहितात : १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू दिसत होता तेव्हा ते कॉलेजात होते. त्या नादात एका मित्राबरोबर त्यांनी ६ इंची दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला. १२० नंबरच्या पावडरीपर्यंत (नंबर जितका मोठा, तितकी पावडर बारीक) काम आलं आणि थांबलं. त्याच वर्षी वडिलांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली, यांनी शिक्षण सांभाळून नोकरी धरली, मित्र पुढे परदेशी गेला. काच आणि पावडरीच्या बाटल्या एका खोक्यात राहिल्या. घरं बदलली तरी खोकं बरोबर येत राहिलं. आता मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत गेली आहे. तिला घेऊन हा आरसा पुरा करावा असं त्यांच्या मनात आहे. खोकं दाखवलं तेव्हा तिने काच हातात घेतली, वरून बोट फिरवलं, ‘बाबा, हे अर्धवट का सोडलंस?’ असं विचारलं आणि थोड्या वेळाने मोबाईल घेऊन बसली. तिचा प्रश्न त्यांना टोमण्यासारखा लागला. एरवीही ती वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढत बसते, कशात लक्ष घालत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. तिची आई म्हणते, पुढच्या वर्षी दहावी, हे आता कुठे काढलंत? आणि दुर्बीण तर विकतही मिळते. तिच्यात आवड कशी निर्माण करू? कडेचा टवका उडालेली ती जुनी काच अजून चालेल का?

उत्तर :

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तुमच्या मुलीचं वाक्य. तुम्हाला तो टोमणा वाटला, मला तसं वाटत नाही. रस नसलेलं मूल ‘छान आहे’ म्हणतं आणि उठून जातं. तिने काचेवरून बोट फिरवलं, खरखर जाणवली असणार, आणि मग विचारलं. तो प्रश्न काचेपेक्षा तुमच्याबद्दल जास्त होता.

तुम्ही लिहिता, की तुम्ही तिला ‘वेळच मिळाला नाही गं’ असं सांगितलंत. मला मात्र खरं कारण लिहिलंत : आजोबांची कंपनी बंद पडली, घरात दुसरा पगार नव्हता, सकाळी कॉलेज आणि दुपारपासून काम. एका अनोळखी बाईला जे चार ओळींत लिहिता आलं, ते लेकीला सांगायला काय हरकत आहे? मुलांवर ओझं नको म्हणून आपण अशा गोष्टी दडवतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला बाबा ‘वेळ नव्हता’ म्हणतात तेव्हा ते खरं नाही एवढं कळतंच, फक्त खरं काय ते कळत नाही. सांगा तिला. ‘बघ, आम्ही किती सोसलं’ असं शेपूट मात्र लावू नका. झालं ते असं झालं, एवढंच सांगा. तुमच्या जोडीच्या कामाची खरी सुरुवात मला या गप्पांत दिसते, पावडर नंतर येईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आवड कशी निर्माण करू. यात तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. आवड नाहीच, ही एक. आणि असली तर ती तुमच्यासारखीच दिसेल, ही दुसरी. तुम्हाला १९९७ साली ओढ लागली ती धूमकेतूची. संध्याकाळी वायव्येला तो नुसत्या डोळ्यांनी शेपटीसकट दिसायचा, अख्ख्या ठाण्याने पाहिला. तिच्या पिढीला असं काही आयतं दिसलेलं नाही. घोडबंदर रोडच्या उजेडात तिला एका वेळी फार तर वीस-पंचवीस तारे दिसत असतील. त्यातून तुमच्यासारखं वेड लागावं ही अपेक्षा जरा जास्त आहे.

दुसरीकडे तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंय ते वाचून मी थांबले. ती चित्रं काढते. दुर्बिणीच्या छंदात चित्रकलेला मानाची जागा आहे हे तुम्हाला माहीत असेलच. गॅलिलिओने १६०९च्या अखेरीस चंद्र पाहिला आणि त्याची चित्रं काढली. डोंगरांच्या सावल्या त्याच्या डोळ्यांना कळल्या, त्यात त्याच्या रेखाटनाच्या सवयीचा वाटा होता. आजही हौशी मंडळी आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावून कागदावर पेन्सिलीने विवरं उतरवतात, कारण चित्र काढताना जे दिसतं ते नुसतं पाहताना निसटतं. अष्टमीच्या आसपासचा चंद्र घ्या. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या भिंतींच्या लांब सावल्या पडलेल्या असतात, आणि तासाभरात त्या बदललेल्या कळतात. ज्या मुलीला वहीचं मागचं पान पुरतं, तिच्यासाठी हे मोठं काम आहे. पण ‘तू चित्रं काढ हं चंद्राची’ असं म्हणून तिच्या गळ्यात मारू नका. एकदा दाखवा, पेन्सिल जवळ असू द्या, पुढचं तिच्यावर सोडा.

म्हणून माझं पहिलं सुचवणं : घासायला लगेच बसू नका. आधी तिला आकाश दिसू दे. ७x५० किंवा १०x५० ची साधी दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, कुणाकडून आणा किंवा घ्या. चंद्रावरची मोठी विवरं, कृत्तिकांचा झुबका आणि हात स्थिर ठेवला तर गुरूचे चंद्र त्यातून दिसतात. ढग नसतील त्या रात्री सोसायटीच्या गच्चीवरून एवढं नक्की जमेल. खगोल मंडळासारख्या संस्था वांगणीकडे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात, त्यातल्या एखाद्याला दोघं जा. तिथे तिला तुमच्याखेरीज दुसरे लोक दुर्बिणीशी खटपट करताना दिसतील, त्यात तिच्या वयाची मुलंही असतील. आपल्या बापाचं वेड हे फक्त आपल्या बापाचं नाही, हे कळलं की मुलांना बरंच हायसं वाटतं.

विकतच्या दुर्बिणीबद्दल. तिच्या आईचं म्हणणं रास्त आहे. नुसतं आकाश पाहायचं असेल तर विकत घेणं सोपं, आणि हिशोब केला तर फार महागही नाही. स्वतः आरसा घासला तरी तिरका छोटा आरसा आणि आयपीस विकतच घ्यावे लागतात, घासून झालेल्या आरशावर अॅल्युमिनिअमचा थर बाहेरून चढवून आणावा लागतो. तेव्हा पैसे वाचतात म्हणून घासायचं, असं घरात सांगू नका, ते टिकणार नाही. घासायचं ते दोघांनी मिळून हाताने एक अवघड वस्तू घडवायची म्हणून. हे कारण पुरेसं आहे आणि ते तसंच सांगा.

आता जरा अवघड जागी हात घालते. तुम्ही पत्रात ‘पुरा करायचा आहे’ असं पुन्हा पुन्हा लिहिलंय. कुणाचा? एकोणीस वर्षांच्या त्या मुलाचा आणि त्याच्या मित्राचा तो आरसा असेल, तर तुमची लेक त्यात मदतनीस. आपल्या घरांत मदतनीस मुलांचं काय होतं ते आपण सगळे जाणतो : ‘बॅटरी नीट धर.’ बाप फ्यूज बघतोय, मूल बॅटरी धरून उभं आहे आणि उजेड चुकीच्या जागी पडला म्हणून ओरडा खातंय. या कामात तिला बॅटरी धरायला लावू नका. तिच्या हातात खरा निर्णय द्या, तुम्हाला जड जाईल असा.

तसा एक निर्णय तुमच्या खोक्यात पडून आहे. तुम्ही १२० नंबरवर थांबलात, म्हणजे आरशाची खोली अजून बदलता येते. तुमचा जुना बेत ४८ इंच फोकल लेंथचा होता, म्हणजे आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर ४८ इंच. ६ इंची काचेला त्यासाठी मधोमध साधारण १.२ मिलिमीटर खोली लागते. ३६ इंच ठेवायची तर सुमारे १.६ मिलिमीटर. मोजायला फार काही लागत नाही : काचेवर स्टीलची पट्टी उभी धरायची आणि मधल्या फटीत १.२ मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा दांडा सरकतो का बघायचं. ४८ इंचाला आकार सोपा, कारण तिथे साधा गोलाकार आरसाही जवळजवळ चालून जातो, पण नळी चार फुटांची होते. तुमच्या टू बीएचकेत ती कुठे उभी राहणार? ३६ इंचाची नळी कपाटाच्या बाजूला मावेल, गाडीत आडवी जाईल, पण शेवटचा आकार देताना घाम निघेल. दोन्ही बाजू तिच्यासमोर मांडा, गणित तिला करू द्या (त्रिज्येच्या वर्गाला फोकल लेंथच्या चौपटीने भागायचं, नववीच्या मुलीला सहज जमेल) आणि ती म्हणेल ते करा. तिने ३६ म्हटलं तर तुमचा आणि मित्राचा बेत मोडेल. तो मोडू द्या.

दहावीचं काय? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही आणि तिच्या आईला या कामाबाहेर ठेवून तो सुटणारही नाही. सुदैवाने या कामाचं वेळापत्रक ऋतूंशी जुळतं. जून ते सप्टेंबर ठाण्यात आकाश फारसं दिसत नाही, तेव्हा घासकाम करायचं. घासायला हवा कशीही चालते. पॉलिश पिचवर होतं, म्हणजे राळेच्या जातीच्या पदार्थावर. तो उन्हाळ्याच्या गरमीत मऊ पडतो, म्हणून पॉलिश दिवाळीनंतरच्या थंडीत. डिसेंबर-जानेवारीत आरसा थर चढवायला पाठवायचा, परत येईपर्यंत प्लायवूडची बैठक बनवायची. जॉन डॉब्सन या माणसाने रूढ केलेली साधी खोक्यासारखी बैठक प्लायवूडच्या दुकानातून फळ्या कापून आणल्या तर घरी जुळवता येते. नवख्यांना आरशाचं सगळं काम तीस-चाळीस तासांचं धरा. रविवारचे दोन तास दिले तर दहावीचं वर्ष लागायच्या आत संपतं. परीक्षांचे आठवडे आधीच कॅलेंडरवर खोडून टाका, तेही तिच्या आईसमोर. आणि ‘मार्क कमी आले तर दुर्बीण बंद’ अशी अट घालू नका. हे काम बक्षीस झालं की शिक्षाही होतं.

मला या कामात सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. काच खाली, काच वर, मध्ये चिमूटभर पावडर आणि थोडं पाणी. वरची काच पुढे-मागे सारायची, दर थोड्या वेळाने ती जरा फिरवायची आणि आपणही टेबलाभोवती थोडं सरकायचं. वरची खोलगट होत जाते (तोच आपला आरसा), खालची फुगीर. सुरुवातीला कर्रकर्र असा मोठा आवाज येतो, पावडरीचे कण फुटत जातात तसा तो बसत जातो आणि नुसती चिखलाची सळसळ उरते. मग पुसून नवी चिमूट. या वेळात दोन माणसांचे हात गुंतलेले असतात, नजरा काचेवर असतात आणि बोलायची कुणावर सक्ती नसते. चौदा-पंधरा वर्षांची मुलं समोरासमोर बसवून ‘बोल, काय चाललंय शाळेत?’ विचारलं की मिटून जातात. शेजारी उभं राहून हात चालू असताना मात्र आपणहून बोलतात. त्या वेळी उपदेश तेवढा आवरा. तिने एखाद्या मैत्रिणीबद्दल काही सांगितलं तर ‘हं’ म्हणा आणि सारत राहा.

मोबाईलवरून भांडू नका. आवाज कुठे बदलला हे तिला रेकॉर्ड करावंसं वाटलं तर करू द्या. भिंगाऐवजी मोबाईलचा कॅमेरा लावून काचेवरचे खड्डे मोजावेसे वाटले तर तेही.

पॉलिशपर्यंत पोहोचलात तर एक प्रयोग जरूर करा. आरशाचा आकार बरोबर आहे का ते दाखवणारी फूकोची चाचणी तुम्हाला पुस्तकातून माहीत असेल : फोकल लेंथच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे ४८ इंची आरशाला आठ फुटांवर, बारीक उजेड आणि दाढीचं ब्लेड ठेवायचं आणि आरशावरच्या सावल्या बघायच्या. फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑं फूकोने ही पद्धत १८५८च्या सुमारास काढली. हॉलमधून पॅसेजमध्ये आठ फूट निघतात, दिवे बंद केले की झालं. तिला आरशावर मिनिटभर अंगठा टेकवायला सांगा, मग पुन्हा बघा. अंगठ्याच्या उबेने काच जिथे फुगली तिथे ठळक उंचवटा दिसतो आणि थोड्या वेळात हळूहळू विरतो. केसाच्या जाडीच्या शेकडो पटीने लहान फरक घरच्या पॅसेजमध्ये ब्लेडने दिसतो, हे पाहून ज्याला काही वाटत नाही असं मूल मला माहीत नाही.

काळजीच्या गोष्टी. पावडर आणि काचेचा चोथा कायम ओला ठेवा. वाळलेली धूळ छातीत जाता कामा नये, सफाई ओल्या फडक्यानेच. ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका, खाली बसून पाइप चोंदतो. बादलीत धुवा, गाळ बसू द्या, तो कचऱ्यात टाका. एक पावडर संपवून दुसरी घेताना टेबल, हात, नखं, कपडे सगळं धुवायचं, कारण जाड पावडरीचा एक कण बारीक पावडरीत गेला तर ओरखडा उठतो आणि मागे जावं लागतं. पिच मंद आचेवर, गॅसपाशी मोठ्या माणसाने उभं राहून वितळवायचं, ते पेट घेतं. आणि तयार दुर्बीण पुढे सूर्यरोधक फिल्टर लावल्याशिवाय सूर्याकडे कधीही वळवायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

गच्चीचंही आत्ताच बघा. बहुतेक सोसायट्यांत गच्चीला कुलूप असतं आणि ऐन वेळी किल्ली मिळत नाही. सेक्रेटरींना अर्ज द्या, एखाद्या रात्री सोसायटीतल्या मुलांना चंद्र आणि शनी दाखवू असंही लिहा. २०२५च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला अगदी काठावरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसतच नव्हती. आता पुढची काही वर्षं ती उघडत जातील आणि दिवाळीच्या सुमारास शनी संध्याकाळच्या आकाशात असेल. शहरातल्या उजेडाचा चंद्र, गुरू आणि शनीला फारसा त्रास होत नाही, त्यामुळे घोडबंदरची गच्ची चालेल. तेजोमेघ आणि दीर्घिका पाहायच्या तर मुरबाड-माळशेजकडे जावं लागेल.

ती मध्येच कंटाळली तर? कंटाळेल. २२० नंबरनंतर दिसण्यासारखा फरक कमी होत जातो आणि तिथे मोठी माणसंही ढेपाळतात. तेव्हा ‘बघ, मी म्हटलं नव्हतं’ असं नको आणि मनधरणीही नको. आठवडाभर टेबल झाकून ठेवा. तिने दुसऱ्या आठवड्यातही विचारलं नाही तर तुम्ही एकट्याने घासा, रागाने नाही, मनापासून. तिने निवडलेली फोकल लेंथ बदलू नका. ती शेवटी फक्त नळीला रंग द्यायला आली तरी तो तिचाच वाटा धरा.

असंच पत्र लिहावंसं वाटणारे बरेच जण असतील याची मला कल्पना आहे. कुणाचा सोल्डरिंगचा अर्धा रेडिओ, कुणाची अर्धी गोधडी, कुणाच्या आईचा कशिद्याचा अर्धा पडदा. त्यांनाही एवढंच सांगेन : मुलांना तुमच्या कामात घ्यायच्या आधी स्वतःला विचारा, की यातली कुठली गोष्ट ती बदलू शकतील आणि मला ते चालेल? एकही सापडली नाही तर काम एकट्याने करा. त्यातही काही वाईट नाही, मुलं येता-जाता बघतातच. आणि वर्षभरात संपेल एवढंच काम हातात घ्या. मुलं या वयात झपाट्याने बदलतात, दोन वर्षांनी तीच मुलगी तेच काम करू इच्छील असं धरून चालता येत नाही.

आता तुमच्या काचेचं. काच खराब होत नाही, माळ्यावर कितीही वर्षं पडली तरी. पावडरीच्या बाटल्यांवरची चिठ्ठी वाचता येत नसेल किंवा झाकण सैल असेल तर मात्र नवीन घ्या, नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या बाजारात चौकशी करा. कडेचा टवका एक-दोन मिलिमीटरचा असेल तर प्रतिमेत काही फरक पडत नाही, पण आणखी तुकडे उडू नयेत म्हणून धार लावायच्या दगडाने, पाणी घालून, संपूर्ण कड तिरकी घासून घ्या. मग काच धुवून उजेडात धरा आणि दहापट दाखवणारं भिंग तिच्या हातात द्या. मोठे खड्डे आणि ओरखडे कुठे आहेत ते तिने मार्करने काचेच्या मागच्या बाजूला खूण करून दाखवावं. खुणा थोड्या असतील तर १२० पुन्हा एकदा आणि मग २२०, फार असतील तर ८० पासून. कुठल्या नंबरपासून निघायचं, ते तिला सांगू द्या.